जितेपणीचा विलाप

ओदेच्या धुण्याची चौकशी करायला तार्तू शहराहून सरकारी गाडी आली, तेव्हा ती पायरीवर बसून बटाटे सोलत होती. गाडीतून सुरक्षा पोलिसांची एक तरुण अधिकारी उतरली. मेर्ले तिचं नाव. चेहरा सभ्य, आवाज मऊ, हातात टॅब्लेट. अशा मऊ आवाजाच्या माणसांची ओदेला जास्त भीती वाटायची. ओरडणारा निदान काय हवंय ते तरी सांगून टाकतो.

"ओदेआजी, तुम्ही वाळत घालता त्या कापडांबद्दल बोलायचं होतं," मेर्ले म्हणाली.

"कुठल्या कापडांबद्दल?"

मेर्लेने टॅब्लेटवर फोटो दाखवले. टेकडीवरच्या नव्या मनोऱ्यातल्या कॅमेऱ्याने काढलेले. गावच्या चॅपलचं कुंपण, त्यावर लांबच लांब पांढरी कापडं, टोकांना लाल भरतकाम. एक फोटो गेल्या वर्षीचा, एक त्याच्या आदल्या वर्षीचा, दिवस तोच. मग ओढ्यापलीकडचे फोटो. तिकडेही कुंपण, तिकडेही तशीच कापडं, आणि दिवस तोच.

ओदेने चष्मा वर करून नीट पाहिलं. "फोटोत चांगली पांढरी दिसतात की," ती म्हणाली. "यंदा साबण तितका बरा नाही मिळाला."

मेर्ले हसली नाही. तिचं हसणं पगारात बसत नसावं.

या कापडांचं असं आहे, की कुरवित्सा गावात एक लाकडी चॅपल आहे. आत चार माणसं उभी राहिली की पाचव्याने बाहेरूनच क्रुसाची खूण करायची, एवढंसं. संत इल्याचं. गडगडाट होतो तो इल्याच्या रथाचा, असं आमच्याकडे मानतात. चॅपलची किल्ली ओदेच्या माहेराकडे चालत आलेली. आईकडून ती ओदेकडे आली. इल्याचा सण जुन्या पंचांगाने ऑगस्टच्या सुरुवातीला येतो. त्याच्या आधी पवित्र चित्रांवरची कापडं उतरवायची, धुवायची, कुंपणावर वाळवायची आणि पुन्हा चढवायची. ओदेची आई हे करायची, आजी करायची. आणि ओदेची थोरली बहीण वासा, तिची अक्का, हेच आपल्या घरातल्या चित्रांसाठी करायची, ओढ्याच्या पलीकडच्या वस्तीवर, जिथे तिला दिली होती.

वासाला दिली तेव्हा त्या ओढ्याला कुत्रंही विचारत नव्हतं. बायका फ्रॉक गुडघ्यापर्यंत उचलून पलीकडे जायच्या आणि मीठ मागून आणायच्या. गाव एकच होतं, वस्त्या दोन. पुढे मोठा देश मोडला, आणि राजधानीतल्या कुणीतरी नकाशावर बोट फिरवलं ते नेमकं या ओढ्यावरून; पलीकडचा काठ मॉस्कोकडे गेला. आधी सणासुदीला जाता यायचं. मग कागद लागायला लागला, मग व्हिसा, मग लढाई पेटली आणि फाटकच बंद झालं. फोन होता, पण ओदेचा मुलगा रायगो सीमारक्षक दलात. त्याने हात जोडून सांगितलं, आई, तिकडे फोन नको. तिकडे वासाच्या जावयानेही तिला तेच सांगितलं. म्हणजे दोन्ही सरकारांचं एका गोष्टीवर तरी एकमत झालं.

उरली होती ती कापडं. वासाची नजर अधू झाली होती, लांबचं माणूस तिला ओळखू येत नसे. पांढरं कापड मात्र दिसायचं.

"म्हणजे तुम्ही दोघी सीमेपलीकडे खुणा करता," मेर्ले म्हणाली.

"धुणं वाळत घालतो."

"एकाच दिवशी?"

"सण एकाच दिवशी येतो, त्याला मी काय करू?"

"मग ते निव्वळ धुणं आहे, असं मी सांगू का वरती?"

आता इथे ओदे अडकली. रविवारीच तिने फादरपुढे पापं सांगितली होती, प्रसाद घेतला होता, आणि सण तोंडावर आलेला. पोटात खोटं घेऊन इल्यापुढे कसं उभं राहायचं? तिने सोललेला बटाटा पाण्यात टाकला. "निव्वळ धुणं असं नाही म्हणता येत," ती म्हणाली. "निरोप आहे की नाही, तेही मला कळत नाही. तुम्हीच ठरवा."

"निरोप असला तर काय असतो?"

"की ओदे अजून मेली नाही."

मेर्लेने टॅब्लेट बंद केला. मग म्हणाली, "आजी, माझा विश्वास बसतोय. पण माझ्या वर जे बसलेत त्यांना कापडं दिसतात, अक्का दिसत नाही. तुमच्या रायगोचं नाव कॅमेऱ्यांच्या खोलीसाठी पुढे गेलंय. चांगली जागा आहे. ज्याची आई पलीकडे खुणा करते, त्याला त्या खोलीत कोण बसवेल? खोलीचं सोडा, दलात तरी ठेवतील का? यंदा कापडं घरात वाळवा. कायदा म्हणून नाही, विनंती म्हणून सांगते."

विनंती म्हटल्यावर ओदेला कळलं की आता सुटका नाही.

संध्याकाळी रायगो आला. चाळिशीकडे झुकलेला, आडव्या हाडाचा, आईसमोर अजून चोरासारखा बसणारा माणूस. त्याला सगळं माहीत होतं हे त्याच्या बूट काढण्यावरूनच दिसत होतं. "आई, जगात काय चाललंय बघतेस ना? एका वर्षापुरतं नाही घातलीस तर काय बिघडेल?"

"अक्का मला मेलेली समजेल."

"समजू दे. तू तर जिवंत आहेस."

"अरे, ती माझं नाव मृतांच्या प्रार्थनेत देईल. जिवंत माणसासाठी मेलेल्याची प्रार्थना केली की ते माणूस झिजत जातं. तुझी आजी सांगायची."

"शेजारची मान्नीमावशी तर म्हणते, मेल्याची बातमी उठली की आयुष्य वाढतं."

हेही ओदेने ऐकलं होतं. आयुष्य झिजतं की वाढतं? दोन्ही एकदम कसं होईल? तिने रायगोपुढे माशाची कचोरी ठेवली. त्याने ती खाल्ली, दुसरी मागितली, आणि मान खाली घालून म्हणाला, "मला ती जागा मिळाली तर गस्त सुटेल गं. गुडघा दुखतो हिवाळ्यात." एवढंच. देश, सुरक्षा, वरचे लोक, यातलं काही नाही, गुडघा. आईला याच्यापुढे काय बोलता येतं?

दुसऱ्या दिवशी ती फादर तिमोतकडे गेली. फादर भला माणूस, पण गेली दोन वर्षं त्याचाच जीव टांगणीला लागलेला. प्रार्थनेत कुठल्या मोठ्या धर्मगुरूचं नाव घ्यायचं, मॉस्कोचं की दुसरं, यावरून सरकार एक सांगत होतं, बिशप दुसरं, आणि म्हाताऱ्या बायका तिसरंच. ओदेने विचारलं, "फादर, तिकडच्या पाद्र्याने माझं नाव मृतांत घेतलं, तर ते मला लागेल का?"

फादरने दाढी खाजवली. "एरवी लागू नये. पण एरवी लागत असतं असं धरलं, तरी आता आमचा त्यांचा संबंध तुटलाय. त्यांची प्रार्थना आमच्या माणसावर चालते की नाही... बिशपांना विचारावं लागेल."

"बिशप सांगेपर्यंत मी खरीच मरेन."

"मग प्रश्न मिटेल," फादर म्हणाला, आणि जीभ चावली. दोघेही मग हसले, पण ओदे घरी आली ती होती त्याहून जास्त गोंधळून. पाद्रीसुद्धा सरकारी माणसासारखा बोलायला लागला, तर माणसाने विचारायचं कुणाला?

यंदा कापडं चुलीवरच्या दोरीवर वाळली. त्यांना कांद्याचा वास लागला. सणाला फादर आला, मेणबत्त्या लागल्या, शहाजिरं घातलेलं चीज आणि मध वाटला गेला. फादरने आपल्या देशासाठी आणि आपल्या सैनिकांसाठी इल्याची करुणा भाकली. तेवढ्यात वाऱ्यावर पलीकडच्या चर्चची घंटा ऐकू आली. तिकडचा पाद्रीही आत्ता हेच मागत असणार, त्यांच्या सैनिकांसाठी, याच इल्याकडे. त्यांच्या सैनिकांत वासाचा नातू मित्या होता. त्याच्या बाप्तिस्म्याला ओदेनेच त्याला पाण्यातून उचलला होता. ती त्याची धर्ममाता. सुट्टीत तो इकडे यायचा, तेव्हा रायगोनेच त्याला ओढ्यात गळ टाकायला शिकवलं होतं. इल्या एक, त्याचा रथ एक. तो बिचारा घोडे कुठल्या बाजूला वळवणार? ओदेने मनातल्या मनात दोघांचीही नावं घेतली, आणि हा देशद्रोह झाला की काय म्हणून पुन्हा क्रुसाची खूण केली.

पलीकडे वासाची कापडं सणाच्या आधीपासून कुंपणावर होती. ओदे पडद्याआडून बघत होती. सण झाला तरी ती कापडं निघाली नाहीत. रात्रभर दव खाल्लं, एक सर येऊन गेली, तरी तशीच. म्हातारी वाट बघत होती. मग एके सकाळी कुंपण रिकामं दिसलं.

शनिवारी दुपारी शेजारची मान्नी धापा टाकत आली. मान्नी ओदेच्याच वयाची, गाण्यात पुढे, तोंडाने फटकळ. "ओदे, ऊठ. तिकडे तुझ्यावर विलाप चाललाय. चल ऐकायला."

चॅपलच्या कुंपणाशी बायका जमल्या होत्या. पलीकडच्या काठावर वासा बसली होती, काळा रुमाल बांधून. आमच्यात मेलेल्या माणसाला थडग्यावर जाऊन जेवू घालतात: कापड अंथरायचं, अंडी, पाव, मासा ठेवायचा, आणि त्याच्याशी विलापातून बोलायचं. ओदेचं थडगं वासाच्या हिशेबाने इकडे होतं, आणि इकडे तिला येता येत नव्हतं. म्हणून तिने ओढ्याच्या काठालाच थडगं केलं होतं. कापड अंथरलं होतं आणि ती हेल काढून गात होती.

"बहिणी गं माझ्या, दुधावरची साय,
आधी मी जायचं होतं, तू गेलीस काय..."

ओदेने कुंपण धरलं. स्वतःचा विलाप ऐकायची पाळी कुणावर येते? तिला आधी रडू आलं, मग लाज वाटली, मग, खरं सांगायचं तर, थोडं बरंही वाटलं. वासा जन्मात कधी तिला साय म्हणाली नव्हती. लहानपणी वेंधळी म्हणायची.

विलापाची एक रीत आहे. एक बाई ओळ म्हणते आणि बाकीच्या तीच ओळ उचलून परत म्हणतात. ओळ एकटी सोडायची नाही, ती पोरकी होते. पण वासाच्या बाजूला ओळ उचलणारं कुणी नव्हतं; तिकडच्या वस्तीत आपली बोली येणारी ती एकटीच राहिली होती. ती ओळ म्हणायची, थांबायची, आणि कुणी उचलली नाही की पुढची घ्यायची. इकडे बायका ओठ आवळून उभ्या होत्या, कारण रायगो आपल्या सोबत्याबरोबर गाडी घेऊन आला होता. सीमेपलीकडे हाक मारायची नाही, हा नियम शेंबड्या पोरालाही पाठ होता.

"रायगो, मी जिवंत आहे एवढंच सांगते तिला," ओदे पुटपुटली.

"आई, नको." त्याने तिचा दंड धरला. "हा सगळं रेकॉर्ड करतोय," आणि त्याने सोबत्याकडे डोळे वळवले.

तसंही विलाप मध्ये तोडणं हे पाप. वासा गात राहिली. मेलेल्या माणसाला घरची सगळी खबर सांगायची असते, म्हणून ती सांगत गेली.

"गोठ्यात नाही गाय, कुरणात नाही गाय,
लोखंडाच्या गायी उभ्या, त्यांना वैरण काय,
लांब त्यांच्या माना, तोंडं तुझ्या घराकडे..."

"चर खणले माळावर, थडग्याहून लांब,
मित्या गेला टोपी घालून, सांगावा ना निरोप,
आता माझ्यावर गं कोण रडेल, बहिणी..."

मग ती उठली, जमिनीपर्यंत वाकली, अन्न तिथेच ठेवून काठी टेकत निघून गेली. ओदेचा दंड रायगोच्या हातात तसाच होता. तिने तो सोडवून घेतला आणि दिवसभर त्याच्याशी बोलली नाही.

सोमवारी मेर्ले पुन्हा हजर. आता तिचा आवाज आणखी मऊ झाला होता, म्हणून ओदेने तिला घरातच घेतलं नाही, पायरीवर बसवलं. मेर्लेला आमची बोली अर्धीमुर्धीच कळायची. तिने रेकॉर्डिंग लावलं. "आजी, या ओळीचा अर्थ सांगता?"

"माझ्या गुणांचं वर्णन आहे."

"आणि या लोखंडी गायी?"

रायगो भिंतीला टेकून उभा होता. त्याने आधीच सांगून टाकलं होतं, हे त्याच्या कानांच्या लालीवरून कळत होतं.

"किती गायी असतील, काही अंदाज?" मेर्लेने विचारलं.

"पोरी, विलापात आकडे नसतात."

मेर्लेने टॅब्लेट मांडीवर पालथा ठेवला. "स्पष्टच बोलते. झाडीमुळे तो माळ आमच्या कॅमेऱ्यांना दिसत नाही. तुमच्या अक्काला रोज दिसतो. चाळिसाव्या दिवशी ती पुन्हा विलाप करायला येईल ना? तुमच्यात तशी रीत आहे, असं रायगो म्हणाला. तर तोवर तुम्ही... म्हणजे..."

"काय म्हणजे?"

"तोवर तुम्ही जरा मेलेल्याच राहिलात तर बरं होईल."

ओदेने रायगोकडे पाहिलं. रायगोने आभाळाकडे पाहिलं. "आधी म्हणालात, जिवंत आहेस ते कळवू नको," ओदे म्हणाली. "आता म्हणता, मेलेलीच राहा. उद्या शवपेटीत झोप म्हणाल."

"आम्ही फक्त विनंती करतोय. त्या गायींची तोंडं तुमच्या घराकडे आहेत, आजी. मला झोप लागत नाही. हे मी नोकरीपोटी नाही सांगत."

हे मात्र ओदेला खरं वाटलं. आणि खरं वाटलं म्हणूनच ती जास्त गोंधळली. मेर्ले दुष्ट असती तर सोपं होतं. "त्या बाजूच्या लोकांना कळलं की म्हातारी गाण्यातून काय काय सांगते, तर?" तिने विचारलं. "त्यांच्याकडेही तुमच्यासारखी कुणी मऊ बोलणारी असेलच की. तुम्ही काळजी घ्याल, पण अक्काची कोण घेईल?"

मेर्ले टॅब्लेट उचलून उभी राहिली. खोटं बोलली नाही, एवढं तिच्या बाजूने म्हणता येईल.

त्यानंतरचे दिवस ओदेला विचित्र गेले. रायगोला ती खोली मिळाली. गुडघ्याला ऊब मिळाली. गावाला तर चेष्टेला विषयच मिळाला. "काय गं, मेलीस तरी पहाटे उठतेस?" मान्नी कुंपणावरून विचारायची. दुकानात कुणी तिला रांगेत पुढे सोडायचं, मयताला आधी म्हणून. ओदे हसायची आणि घरी येऊन आरशात गाल बघायची. झिजलेत का? झिजल्यासारखे वाटायचे. मग पोट भरून जेवायची, आणि वाढल्यासारखे वाटायचे. प्रार्थनेला उभी राहिली की कुणासाठी काय मागायचं तेच सुधरत नसे. गायी हलू देत म्हणावं, तर त्या हलून जाणार कुठे? रायगो सुखरूप राहू दे म्हटलं की मित्या डोळ्यांपुढे उभा राहायचा, शर्टाच्या बाहीला नाक पुसणारा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी ती नुसती उभी राहायची. देवाला कळत असेल तर कळो.

एक गोष्ट मात्र तिच्या मनात हळूहळू पक्की झाली. अक्काला गाऊ द्यायचं नाही. चाळिसाव्याला तिने लोखंडी गायींचं नाव काढायच्या आत तिला कळायला हवं, की ओदे जिवंत आहे, इथे ऐकणारे कान आहेत, गप्प बस आणि घरी जा. हाक मारायला बंदी आहे ना? हाक मारायची नाही. ओळ उचलायची. ओळ उचलणं म्हणजे हाक नव्हे. ती रीत आहे. आवाज ओळखल्याशिवाय अक्का राहायची नाही. मग रायगोची खोली गेली तर गेली. गुडघ्याला ती स्वतः लोकरीची पट्टी विणून देईल.

चाळिसाव्या दिवशी सकाळी ओढ्यावर धुकं होतं. इकडच्या झाडीत रायगो, बोली कळते म्हणून त्या दिवसापुरता खोलीतून आणलेला, कानाला यंत्र लावून बसला होता, माइक पलीकडे रोखून. मेर्ले गाडीत. बायका कुंपणाशी. ओदे त्यांच्या पुढे, अगदी उतारावर. पलीकडे धुक्यात काहीतरी काळं हललं, बसलं, आणि आवाज आला. गेल्या खेपेपेक्षा बारीक, फाटलेला.

"चाळीस दिवस झाले, बहिणी, वाट तुझी सरली..."

ओळ संपली, धुक्यात लोंबकळली. ओदेने छाती भरून घेतली आणि ती उचलली.

"चाळीस दिवस झाले, बहिणी, वाट तुझी सरली..."

झाडीतून रायगो म्हणाला, "आई." फार मोठ्याने नाही. गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. पलीकडे सगळं शांत. आता ओळखेल, ओदेने मनात म्हटलं, आता उठेल, दोन्ही हात वर करील, मला शिव्या घालील, वेंधळे म्हणेल. ती थांबली. बायका थांबल्या.

वासा उठली नाही. घाबरलीही नसावी. तिने पुन्हा गायला सुरुवात केली, तेव्हा आवाज एकदम खाली आला होता, लेकराला जवळ घेऊन विचारावं तसा.

"आलीस का गं, बहिणी? लांबून आलीस का?
विचारीन एक, बाई, रागावू नको,
मित्या तिकडे आलाय का?"

ओदेला आधी अर्थच लागेना. मग लागला. आवाज ओळखला होता वासाने. आपल्या मेलेल्या बहिणीचा आवाज ओळखला होता. आणि मेलेली बहीण आलीच आहे, तर जे कुठलंही सरकार तिला सांगत नव्हतं ते ती विचारून घेत होती.

"आला असेल तर ऊब दे त्याला, माझ्या लेकराला,
आला नसेल तर सांग, दार उघडं ठेवते,
मित्या तिकडे आलाय का?"

"मी जिवंत आहे, अक्का," हे शब्द ओदेच्या ओठांवर होते. सकाळपासून होते. पण जिवंत ओदेला काय माहीत? जिवंत ओदे पडद्याआडून बघते, बटाटे सोलते, तिला कुणी काही सांगत नाही. ती जिवंत झाली, तर वासाला विचारायला मेलेल्यांच्या बाजूचं कुणीच उरणार नाही. आला म्हणावं? नाही आला म्हणावं? म्हातारी जन्मभर दार उघडं ठेवील, किंवा आज घरी जाऊन बंद करील; आणि ते ओदेच्या एका शब्दावर. तिला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. हेच तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं, दोन्ही काठांना.

पण ओळ उचलणाऱ्या बाईने उत्तर द्यायचं नसतं. दिलेली ओळ परत द्यायची, तेवढंच तिचं काम.

"मित्या तिकडे आलाय का?" ओदेने म्हटलं.

पलीकडून वासाने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. ओदेने पुन्हा तीच ओळ परत दिली. मग मान्नीला राहवलं नाही. तिने खालचा सूर धरला आणि तिच्यामागे बाकीच्या बायका. मेर्ले गाडीपाशी उभी होती, तिने हात वर केला होता आणि मग तो कुठे ठेवावा हे तिला कळत नव्हतं. झाडीत यंत्राचा लाल दिवा चालू होता, आणि बायकांच्या आवाजाखाली एक घोगरा आवाज मिसळला होता. विलापात पुरुषांनी तोंड घालायचं नसतं. ओदेने वळून पाहिलं. रायगोने कानांवरचं यंत्र काढून मांडीवर ठेवलं होतं, आणि तोही ओढ्याकडे तोंड करून तेच म्हणत होता, मित्या तिकडे आलाय का.